पाण्याचं वाक्य

मयुरीनं शाळेच्या फाटकातच चंदनच्या दप्तरातली बाटली उपसून हातात तोलून पाहिली, तर ती सकाळी भरून दिली होती तेवढीच जड. एक घोटसुद्धा कमी नाही. जुलै लागला होता, पण पाऊस एकदा तोंड दाखवून गेला तो गेलाच, आणि पिपरी मेघेत ऊन असं तापलं होतं की मे महिन्यानं खाली मान घालावी. अशा उन्हात पहिलीतलं लेकरू सकाळपासून कोरडं बसलं होतं.

"या, या, चंदनच्या आई!" भागीरथा मॅडम हाक मारतच वर्गाबाहेर आल्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे होता. निवृत्तीला टेकलेल्या, पण आवाज अजून मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. "तुमचीच वाट पाहून राह्यली होती मी. केवढं गुणाचं लेकरू आहे वो तुमचं!"

चंदनबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की पुढच्या 'पण'ची वाट पाहायची मयुरीला सवय झाली होती.

"खरं सांगते. सकाळपासून कितीक डाव आला असन माह्यापाशी. येते अन् म्हणते, 'तुले पानी पाह्यजे?' मी म्हणलं, नोको बेटा, मी पेली. जाऊन बसला चुपचाप. जरा वेळानं पुन्हा हजर. 'तुले पानी पाह्यजे?' आता मॅडमले 'तुले' म्हणते, पण जाऊ द्या, लहान आहे. आजकालचे पोट्टे माह्या पायावर पाय देऊन पळतात, अन् हा पानी विचारते! घरचं वळण लागते त्याले."

मयुरीनं झाकण फिरवलं आणि बाटली चंदनच्या तोंडाशी धरली. तो जो प्यायला लागला तो थांबेचना. दोन्ही हातांनी बाटली घट्ट धरून, डोळे मिटून, नाकानं फुसफुसत पीत राहिला. गळ्यावरून ओघळ गणवेशात शिरले तरी त्याला पत्ता नाही.

"हळू पी," मयुरी म्हणाली. "ठसका लागन."

भागीरथा मॅडमचं हसू तोंडावरच वाळलं.

"म्हणजे थो..."

"त्याले पाह्यजे होतं," मयुरी म्हणाली. "थो असाच मागते."

"माय वो." मॅडमनी पदर तोंडाला लावला. वर्गातल्या बाटल्या भिंतीशी रांगेनं ठेवायच्या आणि विचारल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा त्यांचाच नियम. "विचारलं ना वो त्यानं. नियमानं विचारलं. अन् मी त्याले नोको म्हणत राह्यली."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मयुरीच्या नाही. तिनं रिकामी बाटली दप्तरात टाकली, पोराचं मनगट धरलं आणि घरची वाट धरली.

तसं पाहिलं तर चूक मॅडमची नव्हती. चंदनचं नाव घालताना सासू, प्रमिलाबाई, सोबत गेल्या होत्या आणि मयुरीनं तोंड उघडायच्या आतच त्यांनी 'पोट्टा जरासा लाजरा आहे' एवढं सांगून विषय आटोपला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता हा शब्द उच्चारला होता, तो प्रमिलाबाईंनी घराच्या उंबऱ्याआत येऊच दिला नाही. "याचा बाप बी चार वर्साचा झाला तवा बोलला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बाप म्हणजे रुपेश. देवळीला एका कृषी केंद्रात बियाणं आणि खतं विकत होता, आणि आता गिऱ्हाईक थकेल इतका बोलत होता. त्यामुळे प्रमिलाबाईंचं म्हणणं खोटं पाडायला कुणाकडे काही नव्हतं.

मयुरीनं तो शब्द ऐकला त्या दिवशी ती रडली नव्हती. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! दाढ काढायला सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो, हात लावला की लागतो, पण आपला वाटत नाही, तशी ती झाली होती. स्वयंपाक होत होता, धुणं होत होतं. कुणी बोललं की उत्तरही जात होतं. रुपेश देवळीहून फोन करून विचारायचा, "तुले काही आनाचं आहे का बाजारातून?" आणि ती म्हणायची, "काही नाई." खरंच काही नसायचं. भाजीसुद्धा तो आणेल ती.

भागीरथा मॅडमनी मात्र त्याच दुपारी फोन लावला, आणि पुढच्या आठवड्यात प्रेरणा मॅडम स्कूटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वर्धा तालुक्यातल्या शाळांतून अशा लेकरांसाठी फिरणारी विशेष शिक्षिका. वयानं मयुरीएवढीच, डोक्याला उन्हाचा दुपट्टा बांधलेला. आली ती सरळ खाली फरशीवर बसली.

"आधी पानी, मंग गोठ," म्हणत प्रमिलाबाईंनी गिलास पुढं केला. पाण्याआधी बोलणं नाही, हा त्यांचा बाणा. दारात आलेला माणूस पाण्यावाचून गेला असं त्यांच्या संसारात कधी झालं नव्हतं; वीज बिल वाटणारासुद्धा त्यांच्याकडे घोटभर पाणी पिऊन पुढं सरकायचा.

चंदन कोपऱ्यात डब्यांची झाकणं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावत बसला होता. तो उठला, प्रेरणासमोर येऊन उभा राहिला. नजर तिच्याकडे नाही, तिच्या हातातल्या गिलासाकडे.

"तुले पानी पाह्यजे?"

प्रेरणानं गिलास पाहिला, पोराकडे पाहिलं. मग आपला तळवा हलकेच त्याच्या छातीवर ठेवून त्याच्याच आवाजात म्हणाली, "मले पानी पाह्यजे." आणि गिलास त्याच्या हातात दिला.

"बाप्पा! मी थ्या गिलासात तुमच्यासाठी आणलं होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मी पिते नंतर, आजी." प्रेरणा मयुरीकडे वळली. "त्याला पाणी देताना तुम्ही काय म्हणता?"

मयुरीनं आठवून पाहिलं. "आमी म्हणतो, तुले पानी पाह्यजे का. अन् देतो."

"बस. त्याच्या कानाशी ते पाण्याचं वाक्य झालं. ते म्हटलं की पाणी येतं. तो चुकत नाहीये, तुम्ही शिकवलं तेच म्हणून राहिला. तू कोण, मी कोण, हे त्यातून त्याला उलगडलंच नाही." तिनं दुपट्टा सोडून मांडीवर घेतला. "आता असं करायचं. प्रश्न विचारायचा नाही. त्याला तहान लागली असं दिसलं की त्याच्या बाजूनं तुम्ही बोलायचं. छातीवर हात ठेवायचा अन् म्हणायचं, मले पानी पाह्यजे. अन् लगेच द्यायचं. अडवून धरायचं नाही, रडवायचं नाही."

"'मला पाणी हवे' असं शिकवू का?" मयुरीनं विचारलं. "शाळेत तसं बोलतात."

"नाही. घरात बोलता तेच. 'मले'च म्हणा."

प्रमिलाबाईंना हे काही पटलं नाही. "आता लेकराले पानी बी विचारू नाई का? जगात कुठं असं असते!"

"ह्या वर्षी नका विचारू, आजी. पुढच्या वर्षी तोच तुम्हाला विचारेल."

आता घरात जो गोंधळ माजला तो सांगण्यासारखा आहे. सकाळी उठल्यापासून मयुरीच्या तोंडी एकच धोशा. मले पानी पाह्यजे. मले भूक लागली. मले झोप आली. मले सू लागली. सगळं चंदनचं, पण आवाज तिचा. शेजारच्या सुमित्राबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी ह्यांच्या खिडकीसमोर. त्यांनी दोन-तीन दिवस कान देऊन ऐकलं आणि एका सकाळी पदराखाली झाकून गरम पोह्यांची प्लेट आणून मयुरीच्या हातात दिली.

"खाऊन घे, बाई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुही सासू पवनारले गेली का मले हाक मारजो. अशी भुकी नोको राहू."

दाराआड प्रमिलाबाई उभ्या होत्या. झालं! त्यांनी तोंडाचा जो पट्टा सोडला तो दुपारपर्यंत चालू होता. सुनेला उपाशी ठेवते म्हणून गल्लीत बोभाटा झाला, जन्मभर आल्यागेल्याचं केलं त्याचं हे फळ, चार लोकांत नाक कापलं. रुपेश रात्री आल्यावर पोट धरधरून हसला. प्रमिलाबाईही शेवटी हसल्या. मयुरीला कळत होतं की हे हसण्यासारखं आहे, पण हसू कुठून काढायचं ते तिला सापडेना.

त्या दिवसापासून घरात एक नवीनच प्रश्न रुळला. मयुरी "मले" म्हणाली की रुपेश नाहीतर प्रमिलाबाई विचारायच्या, "तुझं का त्याचं?"

"त्याचं," ती सांगायची.

रोज, दर वेळी, त्याचंच. एकदा रुपेश गमतीत म्हणाला, "कधी तुझं बी निघू दे एखादं," आणि तिनं खूप विचार करून पाहिला, तर खरोखर काही निघेना.

चंदन मात्र ढिम्म. छातीवर हात ठेवला की तो खाली वाकून त्या हाताकडे पाहायचा, अंगठीतला खडा निरखायचा, पाणी प्यायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा, "तुले पानी पाह्यजे?" शाळेत भागीरथा मॅडमनी प्रेरणाकडून सगळं शिकून घेतलं होतं. त्या आता चंदन जवळ आला की आधी त्याची बाटली उघडत. महिना असाच बरा गेला.

मग मॅडमची कुठलीशी बैठक निघाली आणि पहिलीचा वर्ग एका दिवसासाठी तिसरीत नेऊन बसवला. तिसरीच्या पोरांना काय ठाऊक! चंदन एकाजवळ गेला आणि म्हणाला, "तुले सू लागली?"

पोरगं खिदळलं. "नाई लागली बावा."

चंदन जागेवर येऊन बसला. पुन्हा उठला, दुसऱ्याजवळ गेला, त्यानंही नाही म्हटलं. मग तिसऱ्याजवळ. पोरांना खेळच मिळाला. सगळा वर्ग ओरडायला लागला, नाई लागली, नाई लागली. इतके जण नाही म्हणाले म्हटल्यावर चंदन शहाण्यासारखा बसून राहिला, आणि बसल्या जागीच व्हायचं ते झालं. सुटी होईपर्यंत तो तसाच त्या ओल्यात होता. फाटकाबाहेरही पोरं मागं लागली होती, "चंदन, तुले लागली का?" आणि चंदन त्यांना दर वेळी तितक्याच शांतपणे तेच वाक्य परत करत होता.

त्या संध्याकाळी रुपेश जेवला नाही.

"पुरे झालं," तो म्हणाला. "सोमवारी जातो अन् दाखला काढून आनतो. एक वर्स राहू दे घरी. बोलाले लागला का मंग पाहू."

"मी तं आधीच म्हणलं होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तू बी चार वर्साचा झाल्यावरच बोलला."

"हा सहाचा होऊन राह्यला, आई." एवढं रुपेशही बोलून गेला, पण त्याचा निश्चय काही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी, बातमी कळताच, प्रेरणा धावत आली. रुपेश गाडीला किक मारत होता, त्याच्यासमोरच तिनं स्कूटी आडवी लावली.

"दादा, घरी नका ठेवू. जे शिकायचं ते तो पोरांच्यातच शिकेल. अन् आत्ताच शिकेल. आत्ता एका महिन्यात जे होते, त्याला पुढं वर्ष लागते."

"पुढं शिकनारच नाई असं तं नाई ना?"

"तुम्ही दुकानात शेतकऱ्याला काय सांगता? पेरणी हुकली तर?"

"दुबार पेरा म्हणतो."

"अन् पीक?"

रुपेशनं हेल्मेट डोक्यात घातलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं सगळं बरोबर असन. पण पोरं त्याच्या मागं ओरडत होते ना, थे तुमी नाई आयकलं. मयुरीनं आयकलं. तिले विचारा."

प्रेरणानं मयुरीकडे पाहिलं. रुपेशनंही पाहिलं. दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं. सगळं येऊन तिच्यावर थांबलं होतं. मयुरीला वाटलं, आता बोलायला हवं, राहू द्या म्हणायला हवं नाहीतर काढा म्हणायला हवं. तिनं आत चाचपून पाहिलं. तिथं काहीच हाताला लागलं नाही.

"तुमी म्हणान तसं," ती म्हणाली.

प्रेरणा निघताना चंदनच्या झाकणांच्या ओळीकडे बघत उभी राहिली आणि गेली.

रविवारी प्रमिलाबाई पवनारला बहिणीकडे गेल्या. खतं-फवारणीचे दिवस, म्हणून रविवार असूनही रुपेश देवळीला. सकाळी पाणी भरून, स्वयंपाक करून, चंदनला घास घास भरवून मयुरी कपाटासमोर बसली. चंदनचे दोन्ही गणवेश तिनं काढले, घडी केली आणि एका पिशवीत घातले. सुमित्राबाईंच्या नातवाला होतील. नवेकोरे आहेत, वाया कशाला घालवायचे. पिशवीला गाठ मारताना तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, म्हणून तिनं गाठ आणखी एकदा घट्ट ओढली.

लाईन गेली. कूलर थांबला तशी खोलीत उकाड्याची वाफ दाटली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, पण ते तिच्या लक्षात नव्हतं. चंदन झाकणांशी खेळत होता, त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. बराच वेळ झाला, त्याला पाणी द्यायला हवं. ती बसल्या जागीच पुढं सरकली, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि रोजच्याच सुरात म्हणाली,

"मले पानी पाह्यजे."

चंदननं हाताकडे पाहिलं नाही. अंगठीच्या खड्याकडेही नाही. त्यानं मान वर केली आणि तिच्या ओठांकडे पाहिलं, मग तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

माठ स्टुलावर होता, त्याला तोटी होती. गिलास खाली पडल्याचा आवाज आला. मग तोटी सुटल्याचा. मयुरी उठली नाही. सांडेल तर सांडेल, पुसू. तो परत आला तेव्हा गिलास काठोकाठ भरलेला होता, आणि तो दोन्ही हातांनी धरून, पाय फरशीवर घासत, एकेक बोट पुढं सरकत येत होता. शर्ट भिजला होता. तो तिच्यासमोर थांबला.

"तुले पानी पाह्यजे."

मयुरीनं गिलास घेतला आणि सवयीनं त्याच्या तोंडाशी नेला. "मले पानी पाह्यजे," तिनं त्याच्या बाजूनं म्हटलं.

त्यानं तोंड फिरवलं.

"घे ना, चंदन. मले पानी पाह्यजे."

त्यानं गिलास ढकलला. थोडं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिनं पुन्हा पुढं केला तर तो चिडला, पाय आपटले, घशातून तो नेहमीचा बारीक आवाज काढला, जो निघाला की गल्लीतली दारं उघडायची. मयुरीला कळेना. तहान नाही, तर आणलं कशाला? ती गिलास खाली ठेवणार एवढ्यात चंदननं आपला ओला तळवा उचलला आणि तिच्या छातीवर, गळ्याच्या जरा खाली, थापकन ठेवला.

"तुले," तो म्हणाला.

हात काढला नाही. तिचा हात रोज त्याच्या छातीवर जेवढा वेळ थांबायचा, तेवढा वेळ तो हात तिथं थांबला.

आणि मग मयुरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस ही बाई सकाळ-संध्याकाळ म्हणत होती, मले पानी पाह्यजे, मले पानी पाह्यजे. घरात एकटं तेच पोर होतं ज्यानं ते खरं मानलं. बाकी सगळ्यांनी विचारलं, तुझं का त्याचं. त्यानं विचारलंच नाही. आई पाणी मागते, आणि कुणी देत नाही. मागते आणि उलट आपल्यालाच पाजते. शेवटी त्यानंच उठून आणून दिलं.

तिनं गिलास तोंडाला लावला. पहिला घोट गळ्याखाली उतरला आणि तिला समजलं की ती तहानलेली आहे. नुसती तहानलेली नाही, घसा कोरडा ठक्क पडलेला, जीभ टाळूला चिकटलेली. ती घटाघट प्यायला लागली. माठाचं पाणी दातांना गार लागत होतं.

"हळू पी," चंदन म्हणाला. "ठसका लागन."

आणि खरंच ठसका लागला. पाणी नाकातोंडातून आलं, ती खोकली, आणि खोकता खोकता रडायला लागली. मार्चपासूनचं सगळं एकदम आलं. तिला पोराला जवळ घ्यायचं होतं, पण त्याला आवळून धरलेलं चालत नाही, म्हणून ती नुसती त्याच्यासमोर बसून पोटापासून रडत राहिली. चंदन तिच्या गालावरचं पाणी निरखत होता. घाबरला नव्हता. रिकामा गिलास त्यानं तिच्या हातातून काढून घेतला.

"अजून पाह्यजे?"

हेही तिचंच वाक्य. प्रेरणा यायच्या आधी रोज पाणी पाजल्यावर ती हेच विचारायची. मयुरी तोंड उघडून उत्तर द्यायला गेली आणि थांबली, कारण ह्या वेळी उत्तर कुणाच्या बाजूनं द्यायचं नव्हतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवंसं वाटत होतं, आणि ते आणखी एक गिलास पाणी होतं.

"पाह्यजे," ती म्हणाली. "मले अजून पाह्यजे."

चंदन माठाकडे गेला.

संध्याकाळी रुपेश आला तेव्हा लाईन आलेली होती. स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत पाण्याचे ओघळ तसेच होते, मयुरीनं पुसले नव्हते. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. चंदन तिच्या गुडघ्याला पाठ लावून झाकणं लावत होता.

रुपेशनं दारातच एक बूट काढला. "उद्या मी सकाळीच शाळेत जातो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दाखल्याचं सांगतो, अन् मंग देवळीले निघतो."

"नोका जाऊ."

"काऊन?"

"मले त्याले शाळेत पाठवाचं आहे."

रुपेश दुसऱ्या बुटाची नाडी धरून तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि घरात रोज विचारायचा तोच प्रश्न त्याच्या तोंडून निघाला. फक्त ह्या वेळी तो हसत नव्हता.

"हे कोनाचं? तुझं का त्याचं?"

"माझं," मयुरी म्हणाली.

ती उठली, कपाटाजवळची पिशवी ओढली आणि गाठ सोडायला बसली. दुपारी फारच घट्ट ओढली होती, तिला दात लावावे लागले.